लाळग्रंथीची गाठ: तपासणी आणि उपचार

कानाच्या पाळीखाली किंवा जबड्याच्या कोनाजवळ हाताला लागणारी गाठ दुखत नाही म्हणून अनेक जण ती वर्षानुवर्षे तशीच राहू देतात. मात्र लाळग्रंथीच्या गाठी, साध्या असोत वा कर्करोगाच्या, सुरुवातीला सहसा दुखतच नाहीत. जेवताना फुगून नंतर उतरणारी सूज बहुधा नलिकेतील खड्यामुळे असते. दोन-तीन आठवडे कायम राहणारी गाठ मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावी.

गाठ कोणत्या ग्रंथीत आहे, हे आधी ठरवावे लागते. सुमारे ८० टक्के गाठी कानासमोरील पॅरोटिड ग्रंथीत होतात आणि त्यांतील बहुसंख्य साध्या असतात. ग्रंथी जितकी लहान, तितकी कर्करोगाची शक्यता अधिक, म्हणून तोंडातील टाळूवरच्या बारीक लाळग्रंथींतला छोटासा फुगवटाही दुर्लक्षू नये. डॉक्टर रुग्णाला भुवया उंचवायला, डोळे घट्ट मिटायला, गाल फुगवायला आणि दात दाखवायला सांगतात, कारण चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नस (मज्जातंतू) पॅरोटिडमधूनच जाते. ओठाचा एक कोपरा मागे राहिला, गाठ झपाट्याने वाढली, खालच्या भागाला घट्ट चिकटली किंवा मानेत अवधाण (लसिकाग्रंथींची सूज) आले, तर संशय बळावतो. तोंडातही पाहिलेच पाहिजे. ग्रंथीच्या खोल भागातली गाठ कधी कधी टॉन्सिलला आत ढकलते.

यानंतर सोनोग्राफी आणि तिच्या मार्गदर्शनाखाली बारीक सुईने पेशींची तपासणी करावी. गाठ खोल किंवा संशयास्पद असल्यास एमआरआय करावा. पॅरोटिडच्या गाठीला वरून चीर देऊन तुकडा काढणे टाळावे, कारण तिच्या पेशी सांडून गाठ पुन्हा उद्भवू शकते आणि नसेलाही इजा होऊ शकते. सुईचा अहवाल हे अंतिम निदान नव्हे. ते काढलेल्या संपूर्ण गाठीच्या तपासणीनंतरच होते.

सर्वाधिक आढळणारी साधी गाठ, प्लिओमॉर्फिक अडेनोमा, काढण्याचाच सल्ला सहसा दिला जातो, कारण वर्षे लोटल्यावर काही रुग्णांत तिचे कर्करोगात रूपांतर होते. ती नुसती सोलून न काढता भोवतालच्या निरोगी ऊतींसह, नस जपून काढावी. धूम्रपान करणाऱ्यांत अधिक दिसणाऱ्या वॉर्थिन गाठीवर, निदान पक्के असल्यास, केवळ लक्षही ठेवता येते. शस्त्रक्रियेनंतर कानाची पाळी बधिर होणे, चेहरा तात्पुरता अशक्त होणे आणि काही महिन्यांनी जेवताना गालावर घाम येणे, या शक्यता संमतीपत्रावर सही करण्यापूर्वीच समजून घ्याव्यात.

कर्करोगातही शस्त्रक्रियाच मुख्य उपचार असतो. गाठीची प्रत (ग्रेड, म्हणजे ती किती आक्रमक आहे), काढलेल्या भागाच्या कडांवर कर्करोगाच्या पेशी आहेत का याचा अहवाल आणि मानेतील लसिकाग्रंथी पाहून रेडिएशन जोडले जाते, तर केमोथेरपीचा वाटा मर्यादित असतो. अडेनॉइड सिस्टिक प्रकार नसांच्या कडेने पसरतो आणि दहा वर्षांनंतरही फुफ्फुसात प्रकट होऊ शकतो, त्यामुळे अशा रुग्णाने पाच वर्षांनी तपासण्या थांबवू नयेत.