कॉलेज बास्केटबॉल: येत्या मोसमात कोण किती मिनिटं खेळेल, याचा अंदाज कसा बांधावा

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा सामना 40 मिनिटांचा. मैदानावर एका वेळी पाच खेळाडू, म्हणजे संघाकडे वाटायला एकूण 200 मिनिटं. अंदाज बांधताना हा आकडा कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवा. चाहत्यांच्या याद्यांची बेरीज नेहमी 230-240 पर्यंत जाते, कारण आवडत्या प्रत्येकाला थोडी थोडी मिनिटं वाढवून दिलेली असतात आणि कापलेली कोणाचीच नसतात.

सुरुवात गेलेल्यांपासून करा. 2024 च्या उन्हाळ्यातला ड्यूक विद्यापीठाचा संघ घ्या. फिलिपाउस्की आणि मॅकेन एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये) गेले, रोच बेलर विद्यापीठाला, मिचेल मिझुरी विद्यापीठाला. नेहमीच्या पाचांतले चार गेले आणि 200 पैकी निम्म्याहून जास्त मिनिटं मोकळी झाली. ही मिनिटं मोजताना एक खबरदारी घ्या. 'प्रति सामना सरासरी' फक्त खेळलेल्या सामन्यांवर काढतात. दुखापतीमुळे दहा सामने बाहेर बसलेल्याची सरासरी त्यामुळे फुगलेली दिसते. त्याऐवजी खेळाडूची मोसमभराची एकूण मिनिटं घेऊन त्यांना संघाच्या एकूण सामन्यांनी भागा.

मग राहिलेले खेळाडू मांडा. गेल्या वर्षीचा आकडा पाया म्हणून धरा, पण 'एक वर्षाने मोठा झाला, म्हणजे मिनिटं वाढणार' असं गृहीत धरू नका. प्रॉक्टर आणि फॉस्टर दोघंही ड्यूकमध्येच राहिले. प्रॉक्टरची जागा टिकली, फॉस्टरची मिनिटं मात्र बरीच घटली, कारण त्याच जागेवर नवी माणसं आली होती.

नव्यांमध्ये दोन प्रकार असतात आणि ते वेगळे तपासावे लागतात. शाळेतून थेट आलेल्यांमध्ये शालेय खेळाडूंच्या देशभरच्या क्रमवारीतल्या अगदी वरच्या नावांना लगेच मिनिटं मिळतात. ड्यूकचा कूपर फ्लॅग पहिल्याच वर्षी सरासरी 30 च्या वर खेळला. त्या क्रमवारीत बऱ्याच खाली असलेल्या नवख्याला सुरुवातीला पाच-दहा मिनिटंच धरा. ट्रान्सफर पोर्टलमधून (म्हणजे कॉलेज बदलून) आलेल्याने आधीच्या कॉलेजात किती मिनिटं खेळली यापेक्षा कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत खेळली ते बघा. तुलेन विद्यापीठात संघाचा आधारस्तंभ असलेला सायन जेम्स ड्यूकमध्ये पंचवीसच्या आसपास मिनिटं खेळला, आणि तरीही संघासाठी अत्यंत मोलाचा ठरला.

सगळ्यात जास्त वेळ प्रशिक्षकाची सवय शोधण्यात घालवा. माझ्या मते अंदाज बहुतेक वेळा इथेच चुकतो. सिरॅक्यूजचे जिम बोहाइम वर्षानुवर्षं सात-आठ खेळाडूंवरच भागवत. वेस्ट व्हर्जिनियात बॉब हगिन्स मैदानभर दबाव टाकायचे, त्या दमछाकीला दहा जण लागायचे. 2014-15 मध्ये केंटकीच्या जॉन कॅलिपारींकडे इतके गुणी खेळाडू होते की त्यांनी मोसमाच्या सुरुवातीला पाच-पाचांच्या दोन तुकड्या केल्या. तो संघ सलग 38 सामने जिंकला, आणि त्यातला कार्ल-अँथनी टाउन्स सरासरी 21 मिनिटं खेळूनही एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिला निवडला गेला. म्हणून प्रशिक्षकाच्या मागच्या तीन-चार मोसमांत दहाहून जास्त मिनिटं किती जणांना मिळाली, ते मोजा. तोच तुमच्या यादीचा आकार.

उंच खेळाडूंना जरा हात आखडूनच मिनिटं द्या. पाच फाउल झाले की खेळाडू बाद होतो, आणि बास्केटखाली उभ्या असणाऱ्याचे ते लवकर होतात. शिवाय ते दमतातही. ड्यूकचा सात फुटांहून उंच मालुआच पहिल्या पाचात असूनही सुमारे 21 मिनिटांवरच राहिला.

आता जागांप्रमाणे वाटप करा: गार्ड (चेंडू खेळवणारे), फॉरवर्ड (बाजूंनी खेळणारे), सेंटर (बास्केटखालचा उंच खेळाडू). बेरीज 200 च्या वर गेली तर सगळ्यांची सारखी कापू नका. शेवटच्या दोन नावांना शून्य द्या. प्रत्यक्षात प्रशिक्षकही तेच करतात.

शेवटी कागदावर दोन रकाने पाडा, एक नोव्हेंबर-डिसेंबरचा आणि एक जानेवारीनंतरचा. सुरुवातीला दुबळ्या संघांविरुद्ध मोठी आघाडी मिळते, तेव्हा बेंचवरचे सगळे खेळून घेतात. कॉन्फरन्सचे, म्हणजे आपल्या गटातल्या संघांविरुद्धचे, सामने सुरू झाले की बहुतेक संघांत आलटून-पालटून खेळवले जाणारे खेळाडू सात-आठांवर येतात. तुमचा अंदाज दुसऱ्या रकान्यावर तपासा.