उपग्रहाच्या नकाशावरून निर्णय घेताय? या चुका टाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये वडोद्यात विश्वामित्री नदीनं काळा घोडा पुलापाशी ३५ फूट ओलांडले. धोक्याची पातळी २५ फूट. पूर ओसरल्यावर उपग्रहाच्या चित्रावरून केलेला एक पूरनकाशा हाती आला, आणि त्यात माझ्या मावशीची सोसायटी चक्क कोरडी! आम्ही दांडिया बाजारचे, मावशी नदीकडची. तिच्या तळमजल्यावर सोफा तरंगत होता. मदतीची यादी अशा नकाशावरून करायची म्हणजे मावशीचं नाव पहिल्याच फेरीत गळलं.

चूक कुठे झाली? पावसाळ्यात ढगांमुळे साधं चित्र निरुपयोगी, म्हणून रडारचं घेतलं, हे बरोबरच: रडार स्वतः रेडिओ लहर सोडतो, ती ढगांतून जाते, आणि परत येईल तेवढी टिपतो. पण ‘काळं ते पाणी’ हा नियम शेतात चालतो. सपाट पाण्यावरून लहर पलीकडे निसटते, उपग्रहाकडे परत काही येत नाही, म्हणून ते काळं. दाट वस्तीत तीच लहर पाण्यावरून भिंतीवर आपटते आणि थेट माघारी येते; बुडालेली गल्ली उलट जास्त उजळते. हरणी विमानतळाची धावपट्टी मात्र कोरडी असूनही काळीच दिसते. उपाय: त्याच कक्षेतलं पुराआधीचं चित्र शेजारी ठेवा आणि वस्तीत काळं झालेलं जितकं शोधता तितकंच उजळलेलंही शोधा.

वेळही बघा. सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहांपैकी १बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला, १सी डिसेंबर २०२४ मध्ये अवकाशात गेला. मधल्या काळात एकटा १ए, म्हणजे तीच कक्षा १२ दिवसांनी. पाणी तुमच्या उपग्रहासाठी थांबत नाही. नकाशाच्या कोपऱ्यात चित्राची तारीख आणि वेळ नसेल, तर तो परत पाठवा.

आता सगळ्यात फसवी चूक. सेंटिनेल-२ हे साधी, प्रकाशातली चित्रं घेणारे उपग्रह; त्यांच्या प्रत्येक रंगाच्या आकड्यांत २५ जानेवारी २०२२ पासून १००० मिळवलेले येतात. ते वजा न करता २०२१ आणि २०२३ ची तुलना केली की गावातली झाडं बसल्याजागी ‘कमी’ होतात. एखाद्या बागेचा लाल प्रकाशाचा आकडा ५०० आणि जवळच्या अवरक्ताचा (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) ३५०० धरा: हिरवाईचा निर्देशांक (एनडीव्हीआय) म्हणजे दोन्हींतला फरक भागिले बेरीज, इथं ३००० भागिले ४०००, म्हणजे ०.७५. दोन्हींत हजार-हजार वाढले की ३००० भागिले ६०००, म्हणजे ०.५०. एक फांदीही न तोडता! सगळीकडे एकसारखी घट दिसली की आधी हे तपासा. मग कुऱ्हाडवाल्याला शोधा. गूगल अर्थ इंजिन या संकेतस्थळावर ‘हार्मोनाइज्ड’ (आकडे जुळवून घेतलेला) संच घेतला की ही भानगड मिटते.

नदीत जलपर्णी माजली की हाच निर्देशांक पाण्यालाच हिरवळ म्हणतो, हेही जाता जाता.

शेवटी उन्हाचे नकाशे. लँडसॅट हा अमेरिकी उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो आणि मोजतो ते जमिनीचं, छपराचं तापमान, हवेचं नाही. वर उष्णता मोजणाऱ्या पट्ट्याचा मूळ ठोकळा (पिक्सेल) १०० मीटरचा. ३० मीटरचा मिळतो तो फक्त बारीक कापलेला. चकचकीत पत्रा उष्णता कमी उत्सर्जित करतो, म्हणून तो असतो त्यापेक्षा थंड दिसतो. म्हणजे जिथं माणसं भाजून निघतात तीच वस्ती नकाशावर निळसर. पाणपोया कुठं उभारायच्या हे त्यावरून ठरवायचं असेल, तर आधी मे महिन्यात दुपारी दोनला थर्मामीटर घेऊन त्या पत्र्याखाली अर्धा तास बसा.