अंगणाचं माप काढताना या चुका टाळा

पाऊस तोंडावर आला की करवीर, कागल, पन्हाळ्याकडच्या गावांत अंगणाची कामं निघतात. मुरूम टाकायचा, दाबायचा, वर पेव्हर ब्लॉक. दरासाठी आपण तासभर घासाघीस करतो आणि माल किती लागेल ते मात्र नुसतं बघून सांगतो. खरा पैसा तिथंच जातो.

सगळ्यात जास्त घोटाळा इंचांचा. टेपवर २८ फूट ११ इंच आलं की कॅल्क्युलेटरवर २८.११ मारलं जातं. फुटाचे इंच बारा, त्यामुळे ११ इंच म्हणजे ०.९२ फूट. आधी इंचांना १२ नं भागा, मगच फुटात मिळवा. २८ फूट ११ इंच बाय १९ फूट १० इंच अंगण खरं साधारण ५७३ चौरस फूट भरतं; चुकीच्या पद्धतीनं ५३७ येतं. छत्तीस फुटांचे ब्लॉक कमी पडले की गाडीभाडं पुन्हा द्यायचं.

मुरमाचा हिशोब ब्रासवर, आणि ब्रास म्हणजे १०० घनफूट. (स्लॅब-गिलाव्याचा ब्रास १०० चौरस फुटांचा असतो, तो इथं आणू नका.) सहा इंचांचा थर म्हणजे अर्धा फूट. ५७३ ला ६ नं गुणलं तर ३४ ब्रास येतात. अर्ध्यानं गुणलं तर २८७ घनफूट, म्हणजे २.८७ ब्रास. पण हा झाला दाबलेला थर. ट्रॉलीतला मुरूम सुटा असतो, रोलर फिरल्यावर बसतो. साधारण २० ते २५ टक्के जादा धरा, म्हणजे साडेतीन ब्रासच्या आसपास मागवा.

ट्रॉली रिकामी व्हायच्या आधी आतून मापा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, दीड फूट उंच भरली असेल तर ९० घनफूट, म्हणजे पाऊण ब्रासच्या वर पण एक ब्रास नाही. उसाच्या ट्रॉल्या लहानमोठ्या असतात, त्यामुळे ‘एक ट्रॉली म्हणजे एक ब्रास’ हे बोलणं मान्य करू नका. ढीग पडल्यावर माप काढणं अवघड आणि वाद घालणंही.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या जागा क्वचितच काटकोनात असतात. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार केला तर वाकड्या जागेचं क्षेत्रफळ नेहमी जादाच येतं. कोपऱ्यातून कोपऱ्यात दोरी धरा, दोन त्रिकोण करा, प्रत्येकाचा अर्धा पाया गुणिले उंची. पाच मिनिटांचं काम आहे.

कागदावरचं माप घेणार असाल तर एकक बघा. मालमत्ता पत्रकावर चौरस मीटर असतात. चौरस मीटरचे चौरस फूट करताना १०.७६४ नं गुणा, ३.२८ ही लांबीची पट आहे. सातबाऱ्यावरचा आर १०७६ चौरस फुटांचा, गुंठा १०८९ चा.

आणि घरात फरशी बसवत असाल तर: ‘दोन बाय दोन’ म्हणून मिळणारी टाइल बहुतेक वेळा ६०० मिलिमीटरची असते, ३.८७५ चौरस फुटांची. ३०० फुटांच्या हॉलला ७५ नव्हे, ७८ लागतात. वर पाच टक्के तुटफूट धरली की ८२. चारच्या खोक्यानं एकवीस खोकी घ्या, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा.