लग्नाच्या शूटिंगमधून चांगला फोटो कसा काढावा

खेड्यात बऱ्याच घरी आजोबांचा धड एक फोटो सापडत नाही. आधार कार्डावरचा असतो, पण त्यात घरचेच ओळखत नाहीत. मात्र नातीच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये तेच आजोबा पांढरी टोपी, खांद्यावर दुपट्टा, आहेर हातात घेऊन सरळ कॅमेऱ्याकडे बघत उभे असतात. टीव्हीवर चित्र थांबवून मोबाइलने फोटो काढू नका. पडद्याच्या रेघा आणि ट्यूबलाइटची चमक दोन्ही त्यात उतरतात. घरी साधा संगणक असला की काम होते.

आधी मूळ फाइल मिळवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेला तुकडा दाबून लहान झालेला असतो, त्यातून चेहरा निघत नाही. डीव्हीडी असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल गोल नाही, आणि तिच्यातले ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर संगणकावर उतरवून घ्या. त्यातल्या ‘व्हीओबी’ फाइली जास्तीत जास्त एकेक जीबीच्या असतात, त्यामुळे एकच लग्न तीन-चार तुकड्यांत दिसेल. जुन्या व्हीसीडीत ‘डॅट’ फाइल सापडते. नव्या लॅपटॉपला डिस्कचा खण नसतो. यूएसबीवर चालणारा ड्राइव्ह मागून आणा, नाहीतर तालुक्याच्या स्टुडिओतून पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. लहान करून देऊ नका, असे तिथे बजावून सांगा.

आता संगणकावर व्हिडिओ चालवणारा व्हीएलसी प्लेअर टाका, तो फुकट आहे. टूल्समध्ये प्रेफरन्सेस, त्यात व्हिडिओ उघडा. खाली स्नॅपशॉटची, म्हणजे थांबवलेल्या चित्राच्या फोटोची जागा दिसेल. तिथे फोटो कुठे साठवायचे ते फोल्डर द्या आणि प्रकार ‘पीएनजी’ ठेवा. जेपीजीत चित्र आणखी एकदा दाबले जाते.

खरी मेहनत क्षण शोधण्यात आहे. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रे असतात, आणि हलणारा हात किंवा वळणारी मान त्यातल्या बहुतेक चित्रांत फिसकटलेली असते. म्हणून माणूस थांबलेला कुठे आहे ते बघा. आहेराच्या वेळी देणारा-घेणारा दोघेही फोटोसाठी थबकतात. पंगतीत हॅलोजन तोंडावर आला की घास हातात धरून माणूस पुतळा होतो. चेहऱ्यावर उजेड भरपूर, पण तोंड भरलेले नसावे एवढे पाहा. अक्षता पडतानाची धावपळ सोडून द्या. मिक्सिंगवाल्याने गुलाबाच्या फुलात बसवलेले चेहरे तर नकोच. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकाचे चित्रीकरण असेल तर लाल-निळा फोकस जाऊन पांढरा उजेड येईपर्यंत थांबा.

जागा सापडली की स्पेसबारने थांबवा आणि ‘ई’ कळ दाबत एकेक चित्र पुढे सरका. मागे जायला तशी कळ नाही. शिफ्ट धरून डावा बाण दाबला की तीन सेकंद मागे जाते, तिथून पुन्हा यायचे. डोळे उघडे, ओठ मिटलेले दिसले की विंडोजवर शिफ्ट आणि ‘एस’ एकत्र दाबा. फोटो पडला. एकावर थांबू नका, आजूबाजूचे आठ-दहा घ्या आणि मग सावकाश निवडा. घाई कायले?

जुन्या शूटिंगमध्ये चेहऱ्याच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. त्या काळच्या कॅमेऱ्याने एका चित्रातल्या सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात, म्हणून हे होते. ‘डी’ दाबा; डीइंटरलेस चालू होऊन रेघा जातात. चित्र आडवे-उभे ताणलेले वाटले, तर डीव्हीडीचा जुन्या टीव्हीसारखा चौकोनी फोटो ७६८ बाय ५७६ ठिपक्यांच्या मापाचा करून पाहा.

छापायला देण्याआधी गणित करा. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. व्हीसीडीचे चित्र ३५२ बाय २८८ असते, म्हणजे रुंदी सव्वा इंचसुद्धा भरत नाही. डीव्हीडीचे अडीच इंच, फुल एचडीचे साधारण साडेसहा इंच. ही मापे पूर्ण चित्राची. नुसता चेहरा कापला तर आणखी कमी. डीव्हीडीतून पोस्टकार्डाएवढा फोटो मध्यम बरा येतो, पण चौकातल्या बॅनरवर तोच चेहरा चिखलासारखा दिसेल.

सिनेमाच्या फाइलवरही हीच रीत चालते. ओटीटीवर मात्र संरक्षण असल्यामुळे बहुतेक वेळा नुसता काळा चौकोन मिळतो. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमातल्या दृश्याचा फोटो काढणे हासुद्धा निर्मात्याचा हक्क धरला आहे. खासगी वापराला आणि परीक्षणाला वाजवी मर्यादेत सूट आहे, दुकानाच्या जाहिरातीला नाही.

निवडलेला फोटो नातेवाइकांना किंवा स्टुडिओत व्हॉट्सअ‍ॅपने पाठवायचा असेल, तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.