सेटसाठी मोठे प्रिंट काढताना या चुका टाळा

सिनेमाच्या सेटसाठी काढलेला प्रिंट दुकानात झकास दिसतो, सेटवर लावला तरी बरा दिसतो आणि कॅमेऱ्याच्या मॉनिटरवर आला की डोळ्यांत खुपतो. बहुतेक वेळा कारण एकच असतं: फाइल करताना शॉट कुणी विचारलेलाच नसतो. कॅमेरा किती लांब असेल, लेन्स कुठली, फलक फोकसमध्ये येणार की मागे धूसर होणार, हे आर्ट डायरेक्टरला आणि डीओपीला (मुख्य छायालेखकाला) विचारा आणि मगच फोटोशॉप उघडा.

सरसकट 300 डीपीआय

फ्लॅटच्या खिडकीबाहेर शहर दाखवायला 40 बाय 20 फुटांचा बॅकड्रॉप, म्हणजे मागे लावायचं मोठं छापील चित्र, लागतो. तो 300 डीपीआयने (दर इंचाला 300 ठिपके) करायचा तर 1,44,000 बाय 72,000 पिक्सेल होतात आणि सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) फाइल 40 जीबीच्या पुढे जाते. पडद्यावर मात्र तो कलाकारांच्या बराच मागे, धूसर दिसणार असतो. त्याला 50-60 डीपीआय पुष्कळ झाले. उलट नावाची पाटी किंवा औषधाच्या बाटलीवरचं लेबल क्लोजअपमध्ये येणार असेल, तर तिथे 300 हवेतच. काटकसर तिथे नको. जेपीईजी 65,535 पिक्सेलच्या पुढे जात नाही आणि फोटोशॉपची साधी पीएसडी फाइल 30,000वर थांबते, म्हणून एकूण पिक्सेल या मर्यादेत ठेवा. मोठं काम एकास दहा प्रमाणात केलंत, तर प्रमाण फाइलच्या नावातच लिहा. ते फक्त फोनवर सांगितलं, तर 40 फुटांऐवजी 4 फुटांचा प्रिंट हातात पडू शकतो.

बॅकड्रॉपचं क्षितिज चुकणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण प्रिंट उत्तम असूनही दृश्य खोटं वाटतं आणि का वाटतं ते पटकन कळत नाही. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला दिसतं, मग तो तळमजल्यावर उभा असो की विसाव्या. म्हणजे सेटच्या जमिनीपासून कॅमेरा साधारण 5 फुटांवर असेल, तर बॅकड्रॉपवरचं क्षितिजही तेवढ्याच उंचीवर यायला हवं. कथेतलं घर बाराव्या मजल्यावर असेल तर फोटोही तेवढ्याच उंचीवरून काढलेला हवा. रस्त्यावरून काढलेल्या फोटोत इमारतींचे तळ दिसतात, गच्च्या दिसत नाहीत. तो कितीही वर-खाली सरकवला तरी फसवणूक उघडी पडते.

जोडाचाही विचार फाइलमध्येच करा. मोठ्या फ्लेक्स मशीनची रुंदी साधारण 10 फूट असते, त्यामुळे 20 फूट उंचीच्या बॅकड्रॉपला जोड येणारच. तो मोकळ्या आकाशातून न नेता इमारतीच्या कडेवर किंवा खांबावर घ्या. सगळे पट्टे एकाच मशीनवर, एकाच रोलवर, एकाच दिशेने छापा, नाहीतर शेजारच्या पट्ट्यांत निळा रंग बदलतो.

चमक आणि रंग

फ्लेक्सला मुळातच चकाकी असते. दिवा पडला की अक्षरं जातात आणि पांढरा डाग उरतो. शक्य तिथे कापडावर छापा किंवा मॅट लॅमिनेशन करा. सेटवर आयत्या वेळी चमक आली, तर वरच्या कडेमागे लाकडाची चिपटी घालून फलक किंचित पुढे झुकवा. वरून येणारी चमक लेन्सच्या खाली जाते. रंगाचा निर्णय संगणकाच्या पडद्यावर घेऊच नका. दोन बाय दोन फुटांचा तुकडा छापा, ज्या दिव्यांत शूटिंग आहे त्यांच्यात धरा आणि कॅमेऱ्यातून पाहा. 3200 केल्विनच्या पिवळ्या प्रकाशात आणि 5600 केल्विनच्या, दिवसासारख्या प्रकाशात तोच करडा रंग वेगळा दिसतो. बारीक उभ्या रेघा आणि जाळीही याच वेळी तपासा, कारण कॅमेऱ्यात त्या लहरतात.

मराठी पाट्यांकडे दुर्लक्ष

याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मराठी प्रेक्षकाला ही चूक पहिल्या क्षणी दिसते. फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं सुटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. अक्षरं कर्व्हजमध्ये (म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या आकृत्यांत) बदलूनच फाइल पाठवा आणि छापण्याआधी मराठी वाचणाऱ्या माणसाला दाखवा. ल आणि श मराठी वळणाचे देणारा फॉन्ट निवडा.

जुना काळ असेल तर तारखा जुळवा. पिनकोड 1972मध्ये आला, रुपयाचं नवं चिन्ह 2010मध्ये. 1957च्या आधीच्या दुकानात भाव रुपये-आणे-पैमध्ये हवेत. इंग्रजी पाटीवर 1995पर्यंत बॉम्बे चालेल, मराठी पाटीवर तेव्हाही मुंबईच होतं. आणि साठच्या दशकातली पाटी थेट फ्लेक्सवर छापून लावू नका. प्लॉटरवर (फाइलवरून आकार कापणाऱ्या मशीनवर) स्टेन्सिल कापून घ्या आणि रंग पेंटरला भरू द्या. जवळून दिसणारा ब्रशचा फटकारा प्रिंटमध्ये येत नाही. गंज आणि ओघळही हातानेच काढलेले बरे.

घाईचं लॅमिनेशन

सॉल्व्हंट शाईचा प्रिंट ओला असताना लॅमिनेट केला की बुडबुडे येतात, व्हिनाइलच्या (चिकटवायच्या प्लास्टिक शीटच्या) कडा वळतात. एक दिवस वाळू द्या. डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर व्हिनाइल टिकत नाही, रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून येतं. ते सनबोर्डवर (हलक्या फोमच्या फळीवर) चिकटवून मग भिंतीवर लावा. महत्त्वाच्या फलकाची जादा प्रत पहिल्याच वेळी, त्याच रोलवर काढून ठेवा. शूटिंगच्या मधेच तो फाटला आणि नव्याने छापला, तर आधीच्या शॉटशी रंग जुळेलच याची खात्री नसते.