जुन्या गाडीचा गिअरबॉक्स आणि डिफरेन्शिअल बदलताय? या चुका टाळा

संध्याकाळी साडेसहाला दादरच्या टिळक पुलाच्या चढावर गाडी अडकली, की रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाक एकदा फिरतं तो हिशेब) म्हणजे काय ते पायाला कळतं. पुढे टॅक्सी, मागे बेस्टची बस, हातभर सरकायचं आणि थांबायचं. बाबांच्या प्रीमियर पद्मिनीत मी प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं ११७१ सीसीचं निस्सान इंजिन बसवलं होतं. त्याला पाच गिअरचा वेगळा बॉक्स जोडला आणि मागे 'हायवेचं' म्हणून घेतलेलं, कमी रेशोचं डिफरेन्शिअल (मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरचा संच) टाकलं. पुलाच्या मध्यावर येईपर्यंत क्लचचा जळका वास गाडीत भरला. चार महिन्यांत प्लेट संपली. बॉक्स उतरवला तेव्हा फ्लायव्हीलवर (क्लच प्लेट ज्यावर दाबली जाते त्या चकतीवर) निळे-जांभळे डाग पडले होते आणि प्लेटचे रिव्हेट उघडे पडून त्याला घासत होते. इंजिनात दोष नव्हता, बॉक्समध्येही नव्हता. त्यांची जोडी जमवताना मी पहिल्या गिअरचा हिशेबच केला नव्हता.

टॉप गिअरचा हिशेब आधी करणं

जुनी गाडी मॉडिफाय करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो हाच: शंभरच्या वेगाला आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) किती राहतील? मुंबईत राहणाऱ्याने हा प्रश्न शेवटी विचारावा. आपली गाडी दिवसातला बहुतेक वेळ पहिल्या-दुसऱ्यात असते. म्हणून आधी बघायचं ते पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) गाडी किती वेगाने चालते.

हिशेब सोपा आहे. आरपीएमला ६० ने गुणा, चाकाच्या घेराने (मीटरमध्ये) गुणा, मग गिअरचा रेशो गुणिले डिफरेन्शिअलचा रेशो या आकड्याने भागा. ताशी किती मीटर ते मिळतं. १६५/८० आर १४ टायर वजनाखाली थोडा दबतो, त्यामुळे त्याचा घेर १.९ मीटर धरायला हरकत नाही.

समजा पहिला गिअर ३.६ आणि डिफरेन्शिअल ४.३. गुणाकार १५.५ च्या आसपास. ९०० आरपीएमवर गाडी ताशी साधारण ६.६ किमीने सरकते, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. माझ्या बदललेल्या जोडीत पहिला ३.३ आणि मागे ३.७३ होतं. गुणाकार १२.३, आणि आयडलवरचा वेग ८.३ किमी. फरक फक्त पावणेदोन किमीचा वाटतो. पण पुढची टॅक्सी ताशी चार-पाचने सरकत असेल, तर उरलेला सगळा वेग क्लच घसरवून मारावा लागतो. चढावर तर विचारूच नका. लहान इंजिनाच्या गाडीत हा गुणाकार मी १५ च्या खाली जाऊ देत नाही. चार माणसं आणि एसी असेल तर १६ बरा.

हायवेची सोय पाचव्या गिअरने करायची, डिफरेन्शिअलने नाही. ४.३ तसंच ठेवून पाचवा ०.८५ चा मिळाला, तर ८० च्या वेगाला सुमारे २५६५ आरपीएम लागतात. चार गिअरच्या बॉक्समध्ये, टॉप एकास एक असताना, तिथेच ३००० च्या वर जावं लागतं. पुण्याला जायला एवढा फरक पुरतो. एक्सप्रेसवेच्या सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे आणि घाटात ६० ची. त्यामुळे १४० च्या स्वप्नासाठी रोजचा क्लच जाळण्यात अर्थ नाही. शिवाय ३.७३ आणि ०.८५ अशी जोडी लावली की खंडाळ्याच्या चढावर पाचवा टिकतच नाही, चौथ्यातही इंजिन गुदमरतं.

टायर विसरणं

दिसायला छान म्हणून १३ इंची अलॉय आणि १७५/७० चे टायर घातले, तर चाकाचा घेर सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे हौजिंग (डिफरेन्शिअलचं कवच) न उघडताच ४.३ चं डिफरेन्शिअल ४.६३ सारखं वागायला लागतं. गाडी शहरात चपळ वाटते, हायवेवर ओरडते. मग माणूस 'गाडी ओरडते' म्हणून डिफरेन्शिअल बदलायला निघतो! टायर आधी ठरवा. ते ठरल्याशिवाय बाकीचे आकडे लिहूच नका.

स्पीडोमीटरचंही तसंच. या गाड्यांत त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागून निघते, त्यामुळे त्याच्या मागे, डिफरेन्शिअलमध्ये काय बदललं हे मीटरला कळतच नाही. ४.३ चं ३.९ केलं आणि केबलचा छोटा गिअर तोच ठेवला, तर मीटर ९२ दाखवताना गाडी खरी १०१ ने पळत असते. एक्सप्रेसवेच्या कॅमेऱ्याला मीटरचं कारण चालत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा पडताळून घ्या.

'अमुक गाडीचंच आहे' यावर विश्वास ठेवणं

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबर अखेरीस तीही रस्त्यावरून गेली. आता आपल्याला माल मिळतो तो भंगारातून, आणि भंगारातल्या हौजिंगच्या आत कुणी काय बसवलंय ते वरून दिसत नाही. मी घेतलेलं डिफरेन्शिअल ३.९ चं सांगून दिलं होतं. मीही मान डोलावली. नंतर दाते मोजले तर क्राऊनचे (आतल्या मोठ्या गिअरचे) ४१, पिनियनचे (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचे) ११. भागाकार ३.७३.

दाते मोजायला पाच मिनिटं लागतात. क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते, झालं. हौजिंग गाडीवरच असेल तर एक मागचं चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅक आणि स्टँडवर उचला, पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. उचललेल्या चाकावर आणि प्रॉपेलर शाफ्टवर (बॉक्सपासून डिफरेन्शिअलकडे जाणाऱ्या दांड्यावर) खडूने रेघ मारा. चाक बरोबर दोन वेळा फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे मारेल तोच रेशो. दोन फेरे अशासाठी, की दुसरं चाक स्थिर असताना क्राऊन निम्म्यानेच फिरतो.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच बनतात. जोडीचा नंबर दोघांवर कोरलेला असतो, तो जुळला पाहिजे. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घातला, तर शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) कितीही बदला, डिफरेन्शिअल रडतच राहणार.

दोन गिअरमधली दरी न बघणं

पहिला ३.६ आणि दुसरा २.० असेल, तर ४००० वर गिअर बदलताच इंजिन २२०० वर येतं. मूळ इंजिनाला ते चालतं. पण कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलून जोर वरच्या आरपीएमला नेला असेल, तर २२०० वर त्यात काहीच नसतं, कार्ब्युरेटर खोकतो. अशा वेळी दोष ट्यूनिंगचा समजून कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसू नका. इंजिनाची बनावट आधी पक्की करा, मग बॉक्स निवडा.

बसवल्यावर आवाज आला तर

ठरावीक वेगाला, कुठल्याही गिअरमध्ये सारखीच थरथर येत असेल तर प्रॉपेलर शाफ्टकडे बघा. बॉक्सची लांबी बदलली की शाफ्ट कापून जोडतात, आणि नंतर बॅलन्स करायचं राहून जातं. बॉक्सच्या मागच्या टोकाचा आणि पिनियनचा कोनही समांतर लागतो. क्लच सोडताना 'टक्' वाजलं तर शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसमध्ये ढिलाई आहे. ॲक्सिलरेटर दाबल्यावर रडणं आणि सोडल्यावर गप्प होणं, किंवा याच्या उलट, म्हणजे क्राऊन-पिनियनची बसवणी चुकली. दोन्ही वेळा एकसारखी घरघर आली तर आधी चाकाचं बेअरिंग तपासा.

ऑइल एकच आणून दोन्हीकडे ओतू नका. हायपॉइड (पिनियन क्राऊनच्या मध्यापासून बाजूला सरकवलेल्या) डिफरेन्शिअलला जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं. पितळी सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणारी कडी) असलेल्या जुन्या बॉक्सला जीएल-४ घाला, कारण जीएल-५ मधली काही रसायनं पितळ खातात.

इंजिनही बदललं असेल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद हवीच. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागते, तेव्हा इंजिन नंबर बघतात.

आणि पावसाळा. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढलीत, तर गरम हौजिंग एकदम थंड होतं आणि ब्रीदरमधून (हौजिंगमधली हवा जाण्याच्या छोट्या भोकातून), सीलमधून पाणी आत ओढून घेतं. नव्या क्राऊन-पिनियनवर खर्च केलाय ना, मग त्याच आठवड्यात ऑइल भरण्याचा बोल्ट उघडून बोट घालून बघा. ऑइल दुधी दिसलं तर ते सगळं काढून नवीन भरा, आणि ब्रीदरला रबरी नळी लावून तिचं तोंड वर डिकीच्या पत्र्यापर्यंत न्या.