एक्स-मेनच्या गोष्टीवर भांडायचंय? मग अंक उघडून भांडा

एक्स-मेन वाचणारे दोन जण एकत्र आले की वाद होणारच, आणि व्हायलाच हवा. जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या 'म्युटंट' माणसांच्या टीमवरची मार्व्हलची कॉमिक, १९६३ पासून चालू असलेली, कितीतरी लेखकांच्या हातून गेलेली, ढीगभर पात्रं वागवणारी सिरीज आहे ही, तिच्यात सगळ्यांना सगळं आवडणं शक्यच नाही. पण बऱ्याचदा होतं काय, की "क्लेअरमाँट बेस्ट", "छे, हिकमन बेस्ट" असं, म्हणजे तिच्या दोन लेखकांवरून, सुरू होतं आणि अर्ध्या तासाने दोघंही जिथल्या तिथेच, आवाज मात्र चढलेला. मला हे वाद मनापासून आवडतात, रात्र रात्र चालले तरी चालतील, म्हणून ते कसे घातले तर काहीतरी हाती लागतं ते लिहितेय.

पहिलं काम म्हणजे वाद नेमका कुठल्या अंकांवर आहे ते ठरवून घ्या. नुसतं "एक्स-मेन" म्हणून काही होत नाही. स्टॅन ली आणि जॅक कर्बीने सुरू केलेली सिरीज १९७० मध्ये इतकी थंडावली की पुढची पाच वर्षं जुनेच अंक परत छापत होते. मग १९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉकरमने स्टॉर्म, नाइटक्रॉलर, कोलोसस यांची नवी टीम आणली, आणि लगेचच ख्रिस क्लेअरमाँटने जे लिखाण हातात घेतलं ते १९९१ पर्यंत सोडलं नाही. आता एकट्या क्लेअरमाँटचंच घ्या ना, आर्टिस्ट कॉकरमबरोबरचा तो वेगळा, जॉन बर्नबरोबरचा वेगळा, शेवटी जिम लीबरोबरचा तर फारच वेगळा. त्यामुळे समोरचा म्हणाला "तो फार पाल्हाळ लावतो", तर चिडू नका, फक्त विचारा, कुठल्या अंकात? अंक सांगता आला तर वादात दम आहे. नाही सांगता आला तर दोघांनी मिळून एक अंक ठरवा आणि तिथून सुरुवात करा.

मग येतं की हे केलं कोणी. आपण सगळं श्रेय आणि सगळ्या शिव्या लेखकाच्या नावावर टाकतो आणि तिथेच गडबड होते. मार्व्हलमध्ये त्या काळी बहुतेक काम असं चालायचं की आधी कथानक ठरणार, मग आर्टिस्ट पानं काढणार, आणि संवाद लेखक त्या काढलेल्या पानांवर लिहिणार, म्हणजे प्रसंग किती लांबवायचा, कोणाला मोठं पॅनल, म्हणजे चित्राची चौकट, द्यायचं, पान उलटल्यावर काय दिसणार हे बरंचसं आर्टिस्टच्या हातात. बर्न तर कथानकातही बरोबरीने होता.

आणि एडिटर! डार्क फिनिक्स या कथेचा शेवट आपण सगळे डोक्यावर घेतो, अंक १३७, १९८० चा, फिनिक्सची प्रचंड शक्ती अंगात असलेली टीममधली जीन चंद्रावर स्वतःचा जीव देते तो. हा शेवट मुळात असा नव्हताच. ठरलं असं होतं की शिआर हे परग्रहावरचे लोक तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून तिची शक्ती काढून घेणार आणि ती जिवंत राहणार, तशी पानं काढूनही झाली होती. पण अंक १३५ मध्ये तिने एक तारा गिळलेला, त्यात पाच अब्ज लोकांचा ग्रह संपलेला, आणि एडिटर-इन-चीफ जिम शूटरचं म्हणणं पडलं की एवढं करून ती घरी जाऊन सुखाने राहू शकत नाही. मग शेवटची पानं नव्याने केली गेली. जुना शेवट १९८४ मध्ये वेगळा छापला, मिळाला तर जरूर वाचा, दोन्ही शेजारी ठेवून वाद घालण्यासारखी जागा याच्याइतकी चांगली दुसरी नाही. माझं मत स्पष्ट आहे, शूटर बरोबर होता. पण बर्न आणि क्लेअरमाँटने आधीच्या अंकांत जीनचा मोह, तिची भीती, तिला येणारी मजासुद्धा इतकी नीट रंगवली नसती तर एडिटरच्या त्या निर्णयाला काडीची किंमत आली नसती. म्हणजे श्रेय वाटून द्यावं लागतं, आणि वाटताना कोणाचं काय ते सांगता आलं पाहिजे.

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथे फुकट जातात ती जागा. पात्र चुकीचं वागलं आणि गोष्ट चुकीची लिहिली, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, प्लीज. स्कॉट समर्सचं, म्हणजे सायक्लॉप्सचंच बघा. १९८३ मध्ये त्याचं मॅडलिन प्रायरशी लग्न झालं, मुलगा झाला, आणि १९८६ मध्ये एक्स-फॅक्टर या नव्या सिरीजच्या पहिल्याच अंकात जीन जिवंत आहे कळल्यावर हा बायको-पोराला सोडून चालला. इथे एक जण म्हणणार स्कॉट नालायक आहे, दुसरा म्हणणार माणूस आहे, चुकतो, आणि दोघं तासभर स्कॉटच्या चारित्र्यावर बोलणार. पण प्रश्न तो नाहीच. पहिल्या पाच एक्स-मेनना परत एकत्र आणून नवी सिरीज काढायची होती, त्यासाठी जीन परत हवी होती आणि स्कॉट मोकळा हवा होता. क्लेअरमाँटला हे पसंत नव्हतं हे त्याने नंतर उघड सांगितलंय. गोष्टीच्या आतून हा निर्णय पिकून आलेला नाही, बाहेरून लादलाय, आणि ते पानावर दिसतं, कारण ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं कर्तव्य कर्तव्य करत झुरताना पाहिलंय तो काही पानांत घर सोडतो आणि त्याच्या डोक्यात काय चाललंय ते आपल्याला पुरेसं दाखवतच नाहीत. नंतर मॅडलिनला १९८८-८९ च्या इन्फर्नो या कथेत गॉब्लिन क्वीन करून टाकली, म्हणजे सोडून गेलेला नवरा बाजूला आणि सोडलेली बायको व्हिलन. याचा मला आजही राग येतो.

याच्या उलट २०११ चं स्किझम हे कथानक. त्यात इडी नावाची लहान मुलगी, म्युझियममधल्या हल्ल्यात काय करू विचारते, आणि सायक्लॉप्स तिला सांगतो की तुला जे करावंसं वाटतं ते कर. ती माणसं मारते. वुल्वरिन भडकतो, टीम फुटते. इथे सायक्लॉप्स चुकला की नाही यावर खुशाल भांडा, कारण लेखकाने तुम्हाला भांडायलाच बसवलंय, दोघांची बाजू पानावर आहे, दोघांचं आधीचं आयुष्य त्या बाजूला पटतं. गोष्ट जमली आहे म्हणूनच पात्रावर वाद होतोय.

टीमची गोष्ट आहे हे विसरू नका. एकट्या हिरोच्या कॉमिकची मापं इथे लावून चालत नाहीत. एक साधी पद्धत सांगते, अंक घ्या, कागदावर सगळ्यांची नावं लिहा, आणि प्रत्येकापुढे खूण करा, की याने या अंकात निर्णय घेतला, का नुसती पॉवर वापरली, का दुसऱ्याच्या निर्णयावर प्रतिक्रिया दिली. पाच मिनिटांत कळतं टीम खरंच टीम आहे का मागे गर्दी उभी आहे. अंक १३७ मध्ये लढाईच्या आदल्या रात्रीचा भाग बघा, प्रत्येक जण आपापल्या जागी विचार करतोय की जीनसाठी उद्या लढायचं का. एकमेकांशी फारसं बोलत नाहीत, कोणाला खात्री आहे, कोणाला नाही, प्रत्येकाला थोडीशीच जागा मिळालीय, पण सकाळी ते उभे राहतात तेव्हा आपल्याला माहीत असतं कोण कशासाठी उभा आहे. टीम कॉमिक म्हणजे हे. आणि एकाला पुढे काढायचं तर तेही कसं काढायचं ते अंक १३२ च्या शेवटी आहे, बाकी सगळे पकडले गेलेत आणि गटाराच्या पाण्यातून एकटा वुल्वरिन वर येतोय. पुढचा अंक मुख्यतः त्याचा. पण टीम अडकलीय म्हणून त्याचा, ही गोष्ट महत्त्वाची.

हिकमनवर नेहमीचा आरोप असा की २०१९ च्या हाउस ऑफ एक्स आणि पॉवर्स ऑफ एक्समध्ये पात्रं म्हणजे पटावरच्या सोंगट्या, आणि मधेमधे ती तक्त्यांची पानं. आरोपात तथ्य आहे, मीही मानते, तिथे पुष्कळ जण फक्त हजर असतात. पण मग हाउस ऑफ एक्सचा चौथा अंक उघडून दाखवा, नाइटक्रॉलर आणि वुल्वरिन मरायला बाहेर पडण्याआधी पलीकडे काय असेल यावर बोलतात तो भाग. दोन मित्र, एक देव मानणारा, एक नाही. तेवढ्यात दोघंही पूर्ण उभे राहतात. आरोप करणाऱ्यालाही हे पान बाजूला सारता येत नाही, आणि कौतुक करणाऱ्यालाही मान्य करावं लागतं की अशी पानं त्या बारा अंकांत अजून हवी होती. पेपे लारासची चित्रं नसती तर तेही इतकं लागलं नसतं.

वाचायचा वेग पण सांभाळा. जुने अंक महिन्याला एक असे निघायचे, पेपरच्या स्टॉलवर विकले जायचे, एखाद्याच्या हातात पहिल्यांदाच पडायचे, म्हणून दर वेळी कोलोसस कोण, त्याची कातडी पोलादाची कशी होते हे परत सांगितलेलं असतं. जाड संग्रहात वीस अंक एका बैठकीत वाचले की डोकं उठतं, साहजिक आहे, पण तो दोष लेखनाचा म्हणण्याआधी चार-पाच अंक रोज एक असे वाचून बघा. थॉट बबलचा, म्हणजे पात्रांच्या मनातले विचार लिहिलेल्या फुग्यांचा मारा तरीही जास्त वाटला तर मग जरूर बोला, मलाही काही ठिकाणी जास्त वाटतो, विशेषतः मारामारी चालू असताना.

रेटकॉनवर, म्हणजे जुन्या गोष्टीला मागाहून नवा अर्थ देण्यावर वाद आला की एकच कसोटी लावा, नव्या माहितीने जुने अंक परत वाचताना ते भरतात की रिकामे होतात? मॅग्नेटो १९६३ मध्ये जग जिंकायला निघालेला साधा व्हिलन होता. अंक १५० मध्ये, १९८१ साली, टीममधली छोटी किटी आपल्या हातून मेली असं वाटून तो थबकतो आणि आउशवित्झमधलं बालपण बाहेर येतं. त्यानंतर त्याचं जुनं ओरडणंही वेगळं ऐकू येतं. भरलं. आता १९८६ मध्ये जीनला परत आणताना काय सांगितलं, तर ती जीन नव्हतीच, फिनिक्सने तिचं रूप घेतलेलं, खरी जीन जमैका बेच्या तळाशी कोशात झोपलेली. म्हणजे चंद्रावर जीव दिला तो जीनने दिलाच नाही. रिकामं झालं, आणि सगळ्यात मौल्यवान अंक रिकामा झाला. मोइरा या पात्राचं कठीण आहे. १९७५ मध्ये घर सांभाळायला आलेली बाई ४४ वर्षांनी कळतं की म्युटंट आहे आणि पुन्हा पुन्हा जन्म घेतेय. कथानक म्हणून जबरदस्त, पण म्युटंट नसूनही त्यांच्या बाजूने उभं राहिलेलं एक मोठं माणूस त्यात गेलं. इथे मी अजूनही दोन्हीकडून बोलू शकते.

सिनेमे मधे आणू नका. डेज ऑफ फ्यूचर पास्टमध्ये मागच्या काळात जाते ती किटी, सिनेमात वुल्वरिन जातो, आणि मूळ गोष्ट सगळी दोन अंकांत संपते, त्यामुळे सिनेमा डोक्यात ठेवून कॉमिकच्या मांडणीवर बोललं की दोघं दोन वेगळ्या गोष्टींवर बोलत बसतात. विक्रीचे आकडेही नकोत. १९९१ च्या एक्स-मेन नंबर एकच्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या, पाच कव्हरं होती, एकेकाने सगळी घेतली, आणि तिसऱ्या अंकानंतर क्लेअरमाँट सिरीज सोडून गेला. आकड्यावरून त्या गोष्टीबद्दल काय कळलं?

मित्राबरोबर सुरुवात करायची असेल तर जोडी सुचवते. अंक १३७ आणि हाउस ऑफ एक्सचा पाचवा, जिथे पाच म्युटंट मिळून मेलेल्यांना परत आणतात आणि स्टॉर्म जमलेल्या लोकांसमोर त्यांना एकेक करून उभं करते. एकात मरण कायमचं म्हणून छापलं, दुसऱ्यात मरण संपवूनच टाकलं. ज्याला क्लेअरमाँट आवडतो त्याने हिकमनच्या अंकाची बाजू आधी मांडायची, ज्याला हिकमन आवडतो त्याने १३७ ची, आणि दोघांनीही प्रत्येक मुद्द्याला एक पॅनल बोट ठेवून दाखवायचं. उलटी बाजू मांडताना जे पॅनल सापडेल ते बहुतेक वेळा आधी नजरेतून सुटलेलं असतं, खरा वाद मग तिथून पुढे रंगतो.